ताऱ्याचे कोसळणे आणि सेवाग्रामचे गणित

२००१ साली ‘प्रमाण’ या भारतीय विज्ञान अकादमीच्या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. धुळीचा एक गोल ढग स्वतःच्याच वजनाने कोसळत गेला तर शेवटी काय उरते, हा त्याचा विषय. लेखक तीन: के. डी. पाटील, एस. एच. घाटे आणि आर. व्ही. सरायकर. त्यातले पाटील वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या गणित विभागातले, बाकीचे दोघे नागपूर विद्यापीठाच्या. ढगाची घनता सुरुवातीला कशी पसरलेली आहे यावर त्याचा शेवट ठरतो, आणि तो शेवट दरवेळी कृष्णविवराच्या आड दडेलच असे नाही, असे त्यांचे गणित सांगत होते. दोन वर्षांनी पाटलांचा याच विषयावरचा आणखी एक निबंध अमेरिकेच्या ‘फिजिकल रिव्ह्यू डी’मध्ये छापून आला.

वर्धा म्हटले की आश्रम, पवनार, धाम नदी आणि कपाशी यापलीकडे बाहेरच्या माणसाचे लक्ष सहसा जात नाही. पण व्यापक सापेक्षतेचे गणित विदर्भात बरीच वर्षे चाललेले आहे. नागपूर-अमरावतीच्या विद्यापीठांतून आणि त्यांच्या महाविद्यालयांतून आइन्स्टाइनच्या समीकरणांवर प्रबंध लिहिणारे बरेच. या कामाला दुर्बीण लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. कागद, बरे ग्रंथालय आणि एकच समीकरण महिनोन्‌महिने उलटसुलट करत बसण्याची चिकाटी असली की भागते. तेव्हा हे काम सेवाग्रामला झाले याचे नवल नाही. नवल आहे ते याचे, की ज्या प्रश्नावर ते झाले तो आजही सुटलेला नाही, आणि तरी शाळेच्या पुस्तकापासून यूट्यूबपर्यंत सगळीकडे तो सुटल्यासारखाच सांगितला जातो.

इंधन संपले, तारा कोसळला, कृष्णविवर झाले: गोष्ट अशी एका दमात सांगून होते. तिच्यात खरे तर तीन वेगवेगळी विधाने आहेत. पुरेसा जड तारा कोसळल्यावाचून राहत नाही, हे पहिले. कोसळला की आत सिंग्युलॅरिटी तयार होते, म्हणजे जिथे घनता आणि अवकाशाची वक्रता अमर्याद वाढते आणि समीकरणे हात टेकतात अशी जागा, हे दुसरे. आणि ती जागा घटनाक्षितिजाने बाहेरच्या जगापासून झाकली जाते, हे तिसरे. पहिल्याचा पाया भक्कम आहे. दुसऱ्याला प्रमेयाचा आधार आहे. तिसरे मात्र पन्नासहून अधिक वर्षे गृहीतक म्हणूनच वावरते आहे. या तिन्हींना सारखाच मान देऊन बोलणे हे मला या विषयावरच्या लोकप्रिय लेखनातले सर्वात मोठे न्यून वाटते.

पहिल्या विधानापासून सुरुवात करू. तारा उभा असतो तो दोन जोरांच्या तोलावर. गुरुत्वाकर्षण आत ओढते, गाभ्यातल्या अणुज्वलनाच्या उष्णतेने आलेला दाब बाहेर रेटतो. हायड्रोजन जळून हेलियम होतो, हेलियमचा कार्बन, पुढे निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन. आणि प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा झपाट्याने उरकते. सूर्याच्या पंचवीसपट वस्तुमानाच्या ताऱ्याचा हायड्रोजन सुमारे सत्तर लाख वर्षे पुरतो, कार्बन काही शतके, आणि सिलिकॉन अवघा दिवसभर. सिलिकॉन जळून जे उरते ते लोखंड, आणि लोखंडाच्या अणुकेंद्रांचे मीलन ऊर्जा देत नाही, उलट खाते. चूल तिथे विझते.

विझलेला गाभा काही काळ इलेक्ट्रॉनांच्या दाबावर तग धरतो. हा दाब उष्णतेचा नाही. इलेक्ट्रॉनांना एकाच अवस्थेत गर्दी करता येत नाही या पुंजभौतिकीच्या नियमातून तो येतो. पण त्यालाही मर्यादा आहे. ती सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर मांडलेल्या हिशोबातून निघाली: सूर्याच्या साधारण १.४ पट. १९३५च्या जानेवारीत लंडनला रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने त्यांची जी जाहीर खिल्ली उडवली तिची कथा सर्वांना पाठ आहे. तिच्यातला एक बारकावा मात्र सहसा सुटतो. ही मर्यादा खरी मानली तर तारा आकसत आकसत अशा टोकाला जाईल की त्याचा प्रकाशही बाहेर पडणार नाही, हे एडिंग्टनला अगदी स्वच्छ दिसले होते. त्याला ते पटले नाही, एवढेच. निष्कर्ष त्याने चंद्रशेखरांच्याही पुढे जाऊन काढला आणि मग तो असंभव म्हणून झटकून टाकला.

लोखंडाचा गाभा ही मर्यादा ओलांडतो तेव्हा पृथ्वीएवढा असतो. इलेक्ट्रॉन प्रोटॉनांत शिरून न्यूट्रॉन बनतात, दाबाचा आधार निसटतो, आणि सेकंदभराच्या आत तो सारा गोळा काही दहा किलोमीटरांवर येतो. घनता अणुकेंद्राएवढी झाली, म्हणजे एका घन सेंटिमीटरमध्ये पंचवीस कोटी टनांहून अधिक वस्तुमान कोंबले गेले, की न्यूट्रॉन ताठरतात आणि कोसळणारा माल उसळी मारतो. त्या उसळीची धक्कालहर बाहेर निघते, वाटेत दमते, आणि न्यूट्रिनोंच्या लोंढ्याने तिला पुन्हा जोर मिळाला तर ताऱ्याची बाहेरची कवचे उधळून लावते. हा अतिनवतारा. मागे उरतो न्यूट्रॉन तारा.

धक्कालहर पुन्हा उभीच राहिली नाही, किंवा उडालेल्यापैकी बराच माल परत खाली पडला, तर काय? न्यूट्रॉन ताऱ्यालाही कमाल वस्तुमान आहे. १९३९ साली ओपनहायमर आणि व्होल्कॉफ यांनी ते सूर्याच्या ०.७ पट काढले होते. न्यूट्रॉनांमधली प्रबळ बले त्यांच्या हिशोबात नव्हती, म्हणून आकडा फार खाली आला. आज तो सूर्याच्या दुपटीहून थोडा वर समजला जातो, कारण तेवढ्या वजनाचे न्यूट्रॉन तारे आकाशात प्रत्यक्ष मोजलेले आहेत. त्यापलीकडे गेलेल्या गाभ्याला सावरणारा कोणताही दाब ठाऊक नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मृगातला तांबूस तारा म्हणजे काक्षी. पंचांगातले आर्द्रा नक्षत्र याच ताऱ्याचे, आणि वर्ध्याकडचा शेतकरी मृग कोरडा गेला की याच आर्द्राच्या पावसावर पेरणीची आशा ठेवतो. हा तारा मंद झाला की तो आता कृष्णविवर होणार अशा बातम्या फिरू लागतात. २०१९-२० मध्येही फिरल्या. काक्षी एक दिवस फुटेल हे खरे, पण त्याचे वस्तुमान सूर्याच्या पंधरा-वीसपटीच्या आसपासचे आहे आणि अशा ताऱ्यामागे बहुधा न्यूट्रॉन तारा उरतो. शिवाय जड तितके कृष्णविवर पक्के, असा सरळ हिशोबही नाही. गाभ्याची घडण, ताऱ्यात हेलियमहून जड मूलद्रव्ये किती, आयुष्यभर वाऱ्याने किती माल उडून गेला, शेजारी जोडीदार तारा आहे का, अशा अनेक गोष्टींवर ते ठरते. अतिप्रचंड ताऱ्यांत तर गाभ्यातला प्रकाशच इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांच्या जोड्यांत बदलू लागतो, दाब अचानक घटतो, आणि तारा असा फुटतो की मागे काहीच उरत नाही.

आता घटनाक्षितिजाकडे. १९३८ साली कोलकात्याच्या बी. दत्त यांनी धुळीच्या गोल ढगासाठी आइन्स्टाइनच्या समीकरणांची उकल छापली. पुढल्या वर्षी ओपनहायमर आणि स्नायडर यांनी तशाच ढगाच्या कोसळण्याचे पूर्ण चित्र काढले. त्यांचा निबंध १ सप्टेंबर १९३९च्या अंकात आला. त्याच दिवशी हिटलरचे सैन्य पोलंडमध्ये घुसले, आणि पुढची काही वर्षे कुणाला मेलेल्या ताऱ्यांकडे पाहायला सवड नव्हती. दत्त तर लवकरच वारले. भारताबाहेर त्यांचे नाव फारसे कुणी घेत नाही, आणि भारतातही सापेक्षतावाल्यांच्या वर्तुळाबाहेर ते कुणाला माहीत नाही.

ओपनहायमर-स्नायडरच्या चित्रात घड्याळे दोन. ताऱ्याबरोबर आत पडणाऱ्याच्या घड्याळात सगळे थोडक्यात आटोपते. दूर उभ्या असलेल्याला मात्र ताऱ्याचा पृष्ठभाग क्षितिजाशी येता येता मंदावताना दिसतो आणि ओलांडताना कधीच दिसत नाही. यावरून काहीजण म्हणतात, मग आपल्या दृष्टीने कृष्णविवर कधी बनतच नाही. हा युक्तिवाद ऐकायला चतुर वाटतो, पण आकडे घातले की मवाळ होतो. सूर्याच्या दहापट वस्तुमानासाठी प्रकाश विझण्याचे माप सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाच्या घरातले आहे. तारा गोठलेला दिसत राहत नाही. डोळ्याचे पाते लवायच्या आत तो तांबडा होत होत काळा पडतो.

क्षितिजाचा आकार सांगायला सोपा. फिरकी नसेल तर दर सूर्यामागे तीन किलोमीटर त्रिज्या. वर्धा जिल्ह्याचे क्षेत्रफळ ६,३१० चौरस किलोमीटर आहे. नेमके तेवढ्या पृष्ठफळाचे क्षितिज हवे असेल तर कृष्णविवर सुमारे साडेसात सूर्यांचे लागेल. (साडेसातीशी याचा संबंध जोडू नये.) आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांपासून बनलेली जी कृष्णविवरे सापडली आहेत त्यातली कित्येक याच मापाची आहेत. आष्टी ते हिंगणघाट एवढ्या टापूत मावेल असे क्षितिज, आणि आत साडेसात सूर्य.

पण हे क्षितिज बनते कसे? पुष्कळांच्या मनातले चित्र असे असते: तारा आकसत येतो, ठरावीक त्रिज्येला पोचतो, आणि त्या क्षणी त्याच्याभोवती क्षितिज टपकन हजर होते. खरा क्रम उलटा आहे. क्षितिज आधी केंद्रात, बिंदूरूपाने उगवते आणि बाहेर फुगत जाते. कोसळणारा पृष्ठभाग त्याला वाटेत भेटतो, आणि मग ते स्थिरावते. कारण क्षितिज हा कुठलाही पदार्थ नव्हे. केंद्रातून निघालेल्या प्रकाशकिरणांपैकी जे निसटू शकले आणि जे शकले नाहीत, त्यांच्यामधली ती सीमा आहे. आता निघालेला किरण निसटेल की नाही हे पुढे किती माल आत पडणार यावर अवलंबून असते. म्हणून घटनाक्षितिज कुठे आहे हे सांगायला साऱ्या भविष्याची माहिती लागते.

हे किती विचित्र आहे ते प्रह्लाद चुनीलाल वैद्य यांच्या उकलीतून सर्वात चांगले कळते. वैद्य गुजरातचे, १९४२ मध्ये ते बनारसला विष्णु वासुदेव नारळीकरांकडे काम करायला गेले. हे नारळीकर कोल्हापूरचे, केंब्रिजहून येऊन बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत होते, आणि भारतात सापेक्षतेचे शिष्यवर्तुळ पहिल्यांदा उभे राहिले त्यात त्यांचा वाटा मोठा. (त्यांचे चिरंजीव जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने पाठवलेली बक्षिसपात्र कथाही ‘कृष्णविवर’च होती.) वैद्यांनी १९४३ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतालच्या अवकाशाची उकल दिली. तोवर वापरात असलेल्या श्वार्झशिल्डच्या उकलीतला तारा अंधारा होता. वैद्यांचा तारा चमकतो. काळाची दिशा उलटी केली की हीच उकल आत येणाऱ्या प्रकाशाची होते.

समजा प्रचंड ऊर्जेचे, प्रकाशाचेच एक पातळ गोल कवच चहूबाजूंनी वर्ध्याच्या दिशेने आत येते आहे. कवचाच्या आत गुरुत्वाकर्षण शून्य, अवकाश सपाट, बाजार भरलेला, एसटी वेळेवर किंवा उशिरा. प्रकाशापेक्षा वेगाने काहीच येत नसल्यामुळे येणाऱ्या कवचाची वार्ता आधी लागणे शक्य नाही. वैद्यांच्या गणिताप्रमाणे, कवच पोचण्याच्या पुरेसे आधीच केंद्रात घटनाक्षितिज उगवून बाहेर पसरू लागलेले असेल, आणि ते अंगावरून गेले तरी कुणाला काही जाणवणार नाही. कोणतेही उपकरण ते टिपू शकणार नाही.

ज्याला व्यवहारात कृष्णविवर ओळखायचे आहे त्याला अशी व्याख्या चालत नाही. संगणकावर दोन विवरांची टक्कर घडवून पाहणाऱ्याला ‘या क्षणी पृष्ठभाग कुठे’ याचे उत्तर हवे असते. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून या दिशेने जे काम केले, एकाकी क्षितिजे आणि बद्री कृष्णन यांच्यासोबतची गतिमान क्षितिजे, ते याच गरजेतून आले. भविष्य न पाहता, त्या त्या क्षणाच्या भूमितीवरून क्षितिजाचे वस्तुमान आणि फिरकी त्यात काढता येते.

या क्षणिक व्याख्येचे मूळ रॉजर पेनरोजच्या १९६५च्या निबंधात आहे. नेहमी असे होते की एखाद्या गोल पृष्ठभागावरून प्रकाश दोन्ही बाजूंना सोडला तर बाहेर जाणारी लहर पसरते आणि आत जाणारी आकसते. गुरुत्वाकर्षण पुरेसे तीव्र झाले की दोन्ही आकसतात. प्रकाशाने बाहेरचा रस्ता धरला तरी तो आतच ओढला जातो. असा अडकलेला पृष्ठभाग एकदा तयार झाला की सिंग्युलॅरिटी टळत नाही, मग तारा गोल असो की वेडावाकडा. हे पेनरोजने सिद्ध केले आणि २०२० साली त्यासाठी त्याला अर्धे नोबेल मिळाले. त्या सिद्धतेच्या पोटात कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरींचे १९५५चे समीकरण आहे: प्रकाशकिरणांची किंवा कणांची जुडी गुरुत्वाकर्षणाखाली कशी एकवटत जाते ते सांगणारे. दुसऱ्या विधानाचा पाया तो हा.

तिसऱ्याला असा पाया नाही. १९६९ मध्ये पेनरोजनेच विचारले, सिंग्युलॅरिटी नेहमी झाकलेलीच असते का? निसर्गात कुणी सेन्सॉर बसला आहे, जो तिला उघडी पडू देत नाही? त्याला तसे वाटत होते, पण सिद्धता त्याच्यापाशी नव्हती. ती आजही कुणापाशी नाही.

ओपनहायमर-स्नायडरचा ढग सर्वत्र सारख्या घनतेचा होता. त्यात प्रत्येक थर एकाच क्षणी केंद्रात पोचतो आणि तोवर क्षितिजाने सारे झाकलेले असते. पण खरा तारा मध्यभागी दाट आणि बाहेर विरळ असतो. मग केंद्रातला थर आधी सिंग्युलॅरिटीत जातो, बाहेरचे मागाहून येत राहतात, आणि अडकलेला पृष्ठभाग तयार होणे आणि केंद्रातून किरण सुटणे यांत शर्यत लागते. किरण जिंकला तर सिंग्युलॅरिटी उघडी. १९७९ मध्ये अर्डली आणि स्मार यांनी संगणकावर, १९८४ मध्ये क्रिस्टोडूलूने काटेकोर गणिताने हे शक्य असल्याचे दाखवले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पंकज जोशी यांनी आय. एच. द्विवेदींसोबत १९९३ साली, आणि नंतर टी. पी. सिंग व इतरांसोबत, या शर्यतीचे नियमच लिहून काढले. केंद्रापासून दूर जाताना घनता किती झपाट्याने उतरते यावर निकाल लागतो. उतार पुरेसा तीव्र असला तर उघडी सिंग्युलॅरिटी, केंद्राजवळ घनता जवळजवळ सपाट राहिली तर कृष्णविवर.

सेवाग्रामचे काम या परंपरेतले. पाटील, घाटे आणि सरायकर यांनी विचारले, अवकाशाला नेहमीच्या तीन मिती आणि काळाची एक याहून अधिक मिती असतील तर हा निकाल बदलतो का? २००१च्या निबंधात त्यांनी दाखवले की उच्च मितींतही धुळीच्या ढगाची सिंग्युलॅरिटी उघडी राहू शकते. ती तीव्र असेल की सौम्य, हे सुरुवातीच्या घनतेवर ठरते. तीव्र म्हणजे तिच्यात पडणारी वस्तू पूर्ण चिरडली जाते अशी. वैद्यांच्या उकलीत विद्युतभार घालूनही त्यांनी हाच प्रश्न तपासला. २००४ साली ऋतुपर्ण गोस्वामी आणि जोशी यांनी याच क्षेत्रात वेगळी नोंद केली: सुरुवातीची घनता गुळगुळीत ठेवण्याची अट घातली तर सहा किंवा अधिक मितींत धुळीची उघडी सिंग्युलॅरिटी नाहीशी होते. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत, अटी वेगळ्या आहेत. सेन्सॉर मितींच्या संख्येवर अवलंबून असू शकतो, ही कल्पनाच मला या साऱ्या वाङ्मयातली सर्वात गमतीची वाटते.

या निकालांना किती महत्त्व द्यायचे, यावर माझे मत असे. धुळीला दाब नसतो, तिचा ढग फिरत नाही आणि तो नेमका गोल असतो. खऱ्या गाभ्यात तिन्ही गोष्टी खोट्या ठरतात. क्रिस्टोडूलूनेच १९९९ मध्ये एका सोप्या क्षेत्रासाठी सिद्ध केले की उघडी सिंग्युलॅरिटी अस्थिर असते, सुरुवातीची स्थिती जराशी हलवली की ती झाकली जाते. उघडी सिंग्युलॅरिटी असू शकत नाही अशी हॉकिंगने १९९१ मध्ये थॉर्न आणि प्रेस्किलशी लावलेली पैज १९९७ मध्ये हरल्याचे कबूल केले तेही ‘तांत्रिक कारणाने’, आणि लगेच अटी घट्ट करून नवी लावली. तेव्हा कोसळणारे तारे आकाशात सिंग्युलॅरिट्या उघड्या टाकत फिरत आहेत असे म्हणायला हा आधार पुरत नाही. पण उलट दिशेचा अर्थ मोठा आहे: क्षितिज आपोआप येते असे धरून चालता येत नाही, ते का येते याची सिद्धता द्यावी लागेल. धुळीच्या ढगांनी हे काम नक्की केले.

निरीक्षणे काय सांगतात? हंस तारकासमूहातला सिग्नस एक्स-१ हा कृष्णविवर म्हणून ओळखला गेलेला पहिला खात्रीचा उमेदवार. त्याचे वस्तुमान २०२१च्या मोजणीत सूर्याच्या २१ पट निघाले. भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटने त्याच्याकडून येणारे क्ष-किरण न्याहाळले आहेत, आणि त्यावरच्या उपकरणांत मुंबईच्या टाटा संस्थेचा आणि पुण्याच्या आयुकाचा वाटा आहे. शेजारचे काहीच गिळत नसल्याने अंधारात बसलेली विवरेही आता सापडतात. गाया यानाने शोधलेले सर्वात जवळचे फक्त दीड हजार प्रकाशवर्षांवर आहे. अतिनवतारा न होता तारा गपकन नाहीसा झाल्याची उदाहरणेही चर्चेत आहेत. २००९ मध्ये एनजीसी ६९४६ या दीर्घिकेतला एक तारा उजळला आणि मग दृश्य प्रकाशात दिसेनासा झाला; देवयानी दीर्घिकेतल्या दुसऱ्या एकाविषयी २०२४ मध्ये असाच दावा आला. पहिल्याच्या जागी जेम्स वेब दुर्बिणीला अवरक्त प्रकाश दिसल्यामुळे तिथे वाद उरला आहे.

क्षितिजाची सर्वात चांगली परीक्षा मात्र गुरुत्वीय लहरींनी घेतली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी, आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटे झाली असताना, अमेरिकेतल्या दोन्ही लायगो शोधकांनी ३६ आणि २९ सूर्यांच्या विवरांची टक्कर टिपली. तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींत गेले. अशा क्षीण लहरी गोंगाटातून वेचण्याच्या पद्धतींवर आयुकाचे संजीव धुरंधर १९८०-९०च्या दशकांपासून काम करत होते. टकरीनंतर नवे विवर थरथरते आणि घंटेसारखे शांत होते, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच गणिताने दाखवले होते. १४ जानेवारी २०२५च्या टकरीत ही थरथर इतकी स्वच्छ नोंदली गेली की हॉकिंगचे १९७१चे प्रमेय, क्षितिजांचे एकूण क्षेत्रफळ कधी घटत नाही, तपासता आले. आधीच्या दोन क्षितिजांचे मिळून सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, नंतरच्या एकाचे सुमारे ४ लाख. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ आहे. आधी ते महाराष्ट्रापेक्षा कमी होते, नंतर जास्त.

लायगो-इंडियाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. वर्ध्याहून यवतमाळ, पुसद करत हिंगोलीकडे गेलात तर पुढे औंढा नागनाथ लागते. त्या परिसरात चार चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंचा हा शोधक उभा राहायचा आहे. तो सुरू झाला की टक्कर आकाशात कुठे झाली हे बरेच नेमके सांगता येईल. पण या लहरी येतात तयार विवरांच्या टकरींतून. एकट्या ताऱ्याचे आपल्या आकाशगंगेतले कोसळणे टिपायला न्यूट्रिनोच हवेत.

१९८७ साली मोठ्या मॅजेलॅनिक मेघात तारा फुटला तेव्हा तीन शोधकांनी मिळून जेमतेम पंचवीस न्यूट्रिनो पकडले. आज आपल्या आकाशगंगेत तसे घडले तर जपानच्या सुपर-कामिओकांडेला हजारो मिळतील, आणि ते प्रकाशाच्या आधी पोचत असल्यामुळे दुर्बिणींना वळायला वेळही मिळेल. ते कसे थांबतात ते पाहायचे. न्यूट्रॉन तारा उरला तर त्यांचा ओघ काही सेकंदांत हळूहळू विरेल. गाभा कृष्णविवरात गेला तर ओघ कापल्यासारखा तुटेल, कारण त्या क्षणी न्यूट्रिनो सुटत होते ती जागाच क्षितिजाआड गेलेली असेल. तुटण्याआधी तो किती वेळ चालला यावरून न्यूट्रॉन ताऱ्याच्या कमाल वस्तुमानाचा, म्हणजे ओपनहायमर-व्होल्कॉफनी १९३९ मध्ये ०.७ वर आणून सोडलेल्या आकड्याचा, हिशोब प्रत्यक्ष मोजणीने मांडता येईल.